समाचाराला जाणं (कोकण)

घरात आजारपण, मयत, अपघात, नुकसान असं काही झालं की भावकीतली, वाडीतली आणि लांबची पण माणसं त्या घरी जाऊन भेटून येतात त्याला कोकणात समाचाराला जाणं म्हणतात, मालवणीत 'समाचाराक जावचा आसा'. याला आमंत्रण नसतं. लग्नाला नाही गेलात तर एकवेळ चालतं, पण समाचाराला नाही गेलात तर ते वर्षानुवर्षं काढलं जातं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारून पेज, भात, कुळथाची पिठी येते, बऱ्याच गावात सरणासाठी घरटी लाकूड द्यायची पद्धत आहे. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, गपचूप चपला घालायच्या आणि चालू लागायचं. मुंबईहून आलेली पोरं नेमकी सवयीने 'येतो हां काकी' बोलून जातात आणि मग ओटीवरच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत बसतात.

आजाऱ्याकडे जाताना शहाळी, मोसंबी, बिस्किटचे पुडे नेतात. खरा प्रॉब्लेम बोलायचं काय हा. 'आमच्या भावोजींना पण हेच झालेलं, चार महिन्यात आटपले' असं आजाऱ्याच्या तोंडावर सांगणारे नग प्रत्येक वाडीत असतात, त्यापेक्षा न आलेले बरे. याउलट एखादी आजी येते, खाटेच्या कडेला टेकते, 'जेवलंस मां गो?' एवढंच विचारते आणि मग कोणी न सांगता मागल्या दारी जाऊन भांडी घासायला घेते, तिचा समाचार सगळ्यात भारी.

मयताच्या घरी गर्दी तेराव्यापर्यंत असते. चाकरमानी रजा संपवून परत जातात, पाहुणे पांगतात आणि घर खायला उठतं ते तिथून पुढे. जाताना सगळेच म्हणतात 'काय लागलं तर सांग', पण सांगत कोणी नाही, कोकणी माणूस तर नाहीच नाही. म्हणून ज्यांना खरंच मदत करायची असते ते विचारत बसत नाहीत, थेट कामाला येतात. मे महिन्यात घरातला कर्ता माणूस अंथरुणावर असेल तर पावसाआधी कौलं परतायची राहतात, लाकडं आत घ्यायची राहतात, मग वाडीतले चारपाच जण शिडी घेऊन येतात आणि एका सकाळीत काम उरकतात. जुलैमध्ये लावणी अडली तर 'उद्या तरवा (भाताची रोपं) काढायला येतो' म्हणून निरोप येतो. आणि जी बाई रात्रंदिवस आजाऱ्याचं करते तिला एक रात्र झोपायला मिळावं म्हणून कोणीतरी सोबतीला जाऊन झोपतं, याची कुठे चर्चा होत नाही पण लागतं तेच.

देवळात गाऱ्हाणं घालणं हा पण यातलाच प्रकार. गावकर, म्हणजे देवळातला गावचा मानकरी, त्या घराची अडचण देवापुढे मोठ्याने मांडतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, म्हणजे दुखणं एकट्याचं राहत नाही, सगळ्या गावाने ते ऐकलेलं असतं. ते जरूर करावं, फक्त त्याच्या नादात गोळ्या बंद करू नयेत. मनाच्या आजाराला तर लोक समाचाराला येतच नाहीत, आले तरी कुजबुजतात. अशा माणसाकडे नेहमीसारखं जायचं, बसायचं, तो बोलला तर ऐकायचं, सल्ले नकोत. जिवाचं बरंवाईट करायचं बोलायला लागला तर एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टर गाठायचा. 10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेली मानस हेल्पलाइन चालू आहे, नंबर 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मोठ्या दुखण्याला माणूस गावाबाहेर न्यावा लागतो. सिंधुदुर्गातले बरेच जण गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात, कॅन्सर असेल तर मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल, जे 1941 पासून आहे. पूर्वी लालबाग-परळच्या चाळीत गावकीच्या खोल्या असायच्या तिथे पेशंटचा माणूस पथारी टाकायचा, आता नातेवाईकांचा फ्लॅट नाहीतर धर्मशाळा, आणि डबा पोचवणारा कोणीतरी गाववालाच. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बाहेरगावची माणसं रिकाम्या हाताने समाचाराला आली नाहीत, झाडू, फावडी आणि पिण्याचं पाणी घेऊन आली आणि लोकांच्या घरातला चिखल उपसत बसली.