ऑडिओ ट्रान्सफॉर्मर: ऋण रेझिस्टन्स आणि शून्य फ्लक्स

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरचे (सिग्नल आत घेणाऱ्या गुंडाळीवरचे) व्होल्टेज तेवढेच ठेवून फ्रीक्वेन्सी निम्मी केली, तर गाभ्यातला फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, दुप्पट होतो. गाभ्याला चुंबकित ठेवणारा करंट मात्र फ्लक्सच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. हा बिघडलेल्या आकाराचा करंट सोर्सच्या (सिग्नल देणाऱ्या सर्किटच्या) आणि प्रायमरीच्या तांब्याच्या रेझिस्टन्समधून वाहताना तिथे जे व्होल्टेज पडते, तेच खर्जातले डिस्टॉर्शन म्हणून सेकंडरीवर (सिग्नल बाहेर देणाऱ्या गुंडाळीवर) उमटते. त्यावरचे दोन उपाय, दोन्हींत ऑप-अँप (अँप्लिफायरची चिप) असल्यामुळे, एकच समजले जातात.

पहिल्यात प्रायमरीचा करंट छोट्या रेझिस्टरवर मोजून तो धन फीडबॅकने परत दिला जातो, आणि त्यामुळे सोर्स ऋण रेझिस्टन्ससारखा वागून तांब्याचा रेझिस्टन्स खोडून काढतो. प्रायमरी 50 ओहमची असेल आणि 45 ओहम खोडले, तर उरलेल्या 5 ओहमवर डिस्टॉर्शन साधारण एक दशांश राहते. पूर्ण 50 खोडण्याचा मोह टाळावा, कारण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.39 टक्के बदलतो आणि थंडीत तो खोडलेल्या आकड्याखाली गेला की सर्किट अस्थिर होते. उरलेला रेझिस्टन्स इतका थोडा असताना ऑप-अँपच्या ऑफसेटनेही (आउटपुटवरच्या किंचित डीसी चुकीनेही) प्रायमरीत डीसी करंट शिरतो, म्हणून बहुधा सर्व्हो, म्हणजे ती चूक आपोआप शून्यावर आणणारे सर्किट, लावावे लागते. या साऱ्यात फ्लक्स कमी होत नाही. गाभा संपृक्त झाला, म्हणजे त्यात आणखी फ्लक्स मावेनासा झाला, तर हे सर्किट त्याला वाचवू शकत नाही.

दुसऱ्या, म्हणजे शून्य फ्लक्सच्या, उपायात फ्लक्सच जवळजवळ शून्यापर्यंत घटवला जातो. प्रायमरीच्या आधी, समजा, 10 किलोओहमचा रेझिस्टर टाकून सेकंडरी ऑप-अँपच्या व्हर्च्युअल ग्राउंडला (फीडबॅकमुळे शून्य व्होल्टवर राहणाऱ्या इनपुटला) जोडली, की ती जवळजवळ शॉर्ट होते. 1:1 ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी 50 ओहमची असेल, तर 1.228 व्होल्टच्या सिग्नलला करंट सुमारे 0.12 मिलिअँपिअर आणि गाभ्याच्या वाट्याला फक्त सहा मिलिव्होल्ट. बोराएवढा ट्रान्सफॉर्मरही मग खर्ज सहज पेलतो, शिवाय खालच्या फ्रीक्वेन्सीची मर्यादाही आणखी खाली सरकते. माझ्या मते लाइन इनपुटसाठी हीच पद्धत अधिक निर्धोक आहे. मायक्रोफोनसाठी मात्र ती निरुपयोगी ठरते, कारण 10 किलोओहमचा औष्णिक नॉइजच 20 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे 1.8 मायक्रोव्होल्ट भरतो. आउटपुटला तर ती लावताच येत नाही: केबलच्या पलीकडे व्हर्च्युअल ग्राउंड असेल याची खात्री कोणी देत नाही, आणि तिथे ऋण रेझिस्टन्सकडेच वळावे लागते.