कनेक्टिंग रॉडचे बोल्ट व बेअरिंग बदलणे

इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधताना करायचे एक काम. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक, म्हणजे बिग एंड, दोन भागांत असते. वरचा अर्धा भाग रॉडचाच, खालचा अर्धा म्हणजे कॅप. दोघांच्या मधे क्रँकपिन, म्हणजे क्रँकची रॉड जिच्यावर बसतो ती गोल पिन, फिरते. तिच्याभोवती पातळ अर्धगोल शेल, म्हणजेच बेअरिंग, बसवलेले असतात आणि कॅप बहुधा दोन बोल्टांनी आवळलेली असते.

बोल्टवर सर्वाधिक ताण इंधन पेटते तेव्हा येतो, असा अनेकांचा समज असतो. तेव्हा तर पिस्टन रॉडला खाली रेटत असतो, कॅपवर भार नसतोच. खरी ओढ बसते ती एक्झॉस्ट स्ट्रोकच्या, म्हणजे जळलेला वायू बाहेर ढकलणाऱ्या धावेच्या, शेवटी. वर धावणारा पिस्टन थांबवून परत खाली खेचायचा असतो आणि डोक्यावर वायूचा दाब जेमतेम असतो. 86 मिमी स्ट्रोकच्या इंजिनात मिनिटाला 6000 फेऱ्यांवर पिस्टन आणि त्याच्यासोबत वरखाली होणारे भाग मिळून अर्धा किलो धरले, तरी ही ओढ 1 टनाच्या वर जाते. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट होते. त्यामुळे 1500 फेऱ्यांवर चालणाऱ्या शेतीपंपाच्या डिझेल इंजिनात जी हयगय खपून जाते, ती मोटारीत खपत नाही.

बोल्ट आवळताना तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, आणि हा ताण ओढीपेक्षा जास्त असेल तोवर कॅप उघडत नाही. ढिला बोल्ट दर फेरीला कमीजास्त ताणला जाऊन थकतो आणि एक दिवस तुटतो. मग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. अनेक आधुनिक इंजिनांत बोल्ट मुद्दाम कायमचा लांबेल इतका आवळतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) शेंद्र्यात पूर्वी जुळणी होत असलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्या 1.9 टीडीआय इंजिनात आधी 30 न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा, असे माप आहे. असे बोल्ट एकदाच वापरायचे. त्यांत पैसे वाचवणे म्हणजे शुद्ध वेडेपणा.

शेलला पोलादी पाठ असते आणि तिच्यावर तांबे-शिसे किंवा ॲल्युमिनियम-कथिलाचा मऊ थर. चालू इंजिनात क्रँकपिन ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगते. झीज, घाण किंवा ऑइलची टंचाई झाली की ती धातूला टेकते. ऑइल प्रेशर उतरते, खालून ठोका ऐकू येतो, आणि खोलल्यावर शेलवर तांबूस रंग दिसतो.

नवे शेल घालण्याआधी क्रँकपिन मायक्रोमीटरने मोजतात. ती लंबगोल झाली असेल किंवा चरा नखाला लागत असेल, तर क्रँक ग्राइंडिंगला जाते आणि 0.25 मिमीच्या टप्प्याने अंडरसाइझ, म्हणजे बारीक झालेल्या पिनला बसणारे जाड शेल येतात. पिन आणि शेलमधली फट, म्हणजे क्लिअरन्स, साधारण पिनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे 50 मिमीला 0.05 मिमीच्या आसपास. अंतिम शब्द मात्र कंपनीच्या मॅन्युअलचा. क्लिअरन्स पाहायला प्लास्टिगेजची, म्हणजे मऊ प्लास्टिकची, बारीक तार पिनवर ठेवून कॅप आवळतात, परत काढतात आणि चपटी झालेली तार पाकिटावरच्या पट्टीशी ताडतात. या मापासाठी जुनेच बोल्ट वापरावेत आणि क्रँक अजिबात हलवू नये. क्लिअरन्स जास्त निघाला म्हणून कॅप घासणे किंवा शेलमागे कागद घालणे हे जुन्या गॅरेजांतले उपाय बिग एंडचा गोलावा आणि शेलची पकड दोन्ही बिघडवतात.

कॅप ज्या रॉडची त्यालाच, त्याच दिशेने बसते. म्हणून खोलतानाच खुणा करतात. शेलची पाठ कोरडी ठेवून आतल्या बाजूस ऑइल लावतात. एकेक रॉड आवळला की क्रँक हाताने फिरवून पाहतात. ती जड झाली, तर दुसऱ्या रॉडला हात लावण्याआधी हाच पुन्हा खोलायचा.