सोबती रोबो (टीव्ही आणि ॲनिमेशनमधला)

सोबती रोबो म्हणजे टीव्ही मालिका आणि ॲनिमेशनमधलं असं पात्र जे यंत्र असूनही घरात राहतं, आणि कुणाचा मित्र, कुणाची बहीण, घरची मोलकरीण किंवा थेट सूनसुद्धा असतं. छापील मराठीत याला यंत्रमानव म्हणतात, पण पुण्यात बोलताना सगळे रोबोच म्हणतात, आणि डोरेमॉनला तर पोरं रोबोही म्हणत नाहीत, तो नुसता डोरेमॉन, घरातलं एखादं माणूस असावं तसा.

रोबो शब्द आला कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या 1920 च्या नाटकातून, तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत रोबोता म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्याकडे जिला वेठ म्हणायचे ती. बीबीसीने 11 फेब्रुवारी 1938 ला याच नाटकाचा काही भाग टीव्हीवर दाखवला, म्हणजे टीव्ही नुकता कुठे रांगायला लागला होता तेव्हाच रोबो त्यावर पोचला होता. त्या नाटकातले रोबो बंड करतात. सोबती रोबो बंड करत नाही, पण वेठीचा प्रश्न त्याच्याही मागे आहेच, की हा घरातला नोकर आहे की घरचा आहे? मालिका तोंडाने काहीही सांगू दे, मला वाटतं खरं उत्तर एका साध्या गोष्टीत सापडतं, रात्री त्याला ठेवतात कुठे.

अमेरिकेत 23 सप्टेंबर 1962 ला 'द जेटसन्स' ही कार्टून मालिका सुरू झाली, तिच्यातली रोझी ही रोबो मोलकरीण. जुनं मॉडेल म्हणून ती या कुटुंबाला परवडते, घरचा कर्ता जॉर्ज, त्याचे साहेब जेवायला येतात, तिच्या हातचा केक खाऊन खूश होतात आणि जॉर्जला पगारवाढ मिळते म्हणून रोझी टिकते. पहिल्या 24 भागांत ती फार कमी वेळा दिसते, तरी लोकांच्या लक्षात तीच राहिली. पण ती कामाला ठेवलेली बाई आहे, तिचं तिथे असणं पगारावर अवलंबून आहे.

जपानमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. ओसामू तेझुकाचा 'ॲस्ट्रो बॉय', मूळ नाव 'तेत्सुवान अतोमू', 1 जानेवारी 1963 ला टीव्हीवर आला. डॉक्टर तेन्माचा मुलगा अपघातात जातो, म्हणून तो हुबेहूब त्याच्यासारखा रोबो करतो, तोच हा अतोमू, आणि मग लक्षात येतं की हे पोर वाढतच नाहीये, उंची तेवढीच, चेहरा तोच, तेव्हा बाप त्याला सर्कशीला विकून टाकतो. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये ही सुरुवात! पुढे प्रोफेसर ओचानोमिझू त्याला आपलंसं करतात, पण बापाने विकलं ते विकलंच.

यानंतर डोरेमॉन, आणि इथे जरा थांबायलाच पाहिजे. फुजिको एफ. फुजिओ यांची चित्रकथा 1970 च्या जानेवारी अंकांपासून, ओळखीची टीव्ही मालिका 2 एप्रिल 1979 पासून, आणि भारतात हंगामा टीव्हीवर 2005 पासून हिंदीत. गोष्टीत तो 3 सप्टेंबर 2112 ला कारखान्यात तयार होतो, उंची 129.3 सेंटीमीटर, वजन 129.3 किलो, आणि उंदराने कान कुरतडले म्हणून तो मांजर असून उंदराला घाबरतो. म्हणजे हा डागी माल आहे, आणि नेमका तोच भविष्यातून नोबिता नावाच्या एका मठ्ठ पोराला सुधारायला पाठवला जातो. पोटाच्या खिशातून वस्तू काढतो, नोबिता ती चुकीची वापरतो, सगळं अंगाशी येतं. पण रात्री तो झोपतो नोबिताच्याच खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात, वरच्या कप्प्यात, अंथरूण घालून. आपल्या जुन्या वाड्यांत फडताळं असायची ना, तसंच, फक्त माणूस मावेल एवढं मोठं. शेजारी नोबिता जमिनीवर गादीवर. दोघं दिवे घालवल्यावर बोलत पडतात, ही भावंडांची पद्धत आहे, नोकर-मालकाची नाही.

सिंहगड रोडला राहणाऱ्या माझ्या भाचीने पाच वर्षांची असताना कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला होता, आईच्या साड्या पलंगावर, आणि आत उशी टाकून तुळशीबागेतून आणलेला कापडी डोरेमॉन झोपवला. त्याच्या गळ्यातली घंटा पहिल्याच आठवड्यात तुटली होती, तर आजीने तिथे एक घुंगरू शिवून दिलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिने मालिका बघून बरोबर तेवढंच उचललं होतं.

तक्रारही खरी आहे, पुण्यातली मराठी घरातली पोरं "मम्मी, मेरी मदद करो" असं बोलायला लागतात ते याच्यामुळेच. हिंदीतला डोरेमॉनचा आवाज सोनल कौशल यांचा, आणि तो इतका जवळचा वाटतो की भाषा आपोआप चिकटते. बांगलादेशात तर 2013 मध्ये हिंदी डोरेमॉनवर सरकारने बंदीच घातली, कारण हेच. मला बंदी पटत नाही, तितक्याच मायेने केलेलं मराठी डबिंग रोज घरात लागायला हवं, एवढंच.

ज्यांचं बालपण 90 च्या दशकात केबलवर गेलं त्यांचा रोबो म्हणजे 'स्मॉल वंडर'मधली विकी. अमेरिकेत 1985 ते 1989, एकूण 96 भाग, आपल्याकडे स्टार प्लसवर हिंदीत. लाल-पांढरा फ्रॉक, एका सुरात बोलणं, पाठीवर झाकण. इंजिनियर बाप तिला घरी आणून दत्तक मुलगी म्हणून सांगतो, पण रात्री ती घरच्या मुलाच्या, जेमीच्या, खोलीतल्या कपाटात उभी. उभी! अंथरूण नाही, उशी नाही, म्हणजे जगासमोर लेक आणि दार लावलं की वस्तू. पण पुढे ती भूमिका करणारी टिफनी ब्रिसेट मोठी दिसायला लागली, तर गोष्टीतल्या बापाने विकीला सुधारून मोठी केली, कपडे बदलले, तिला खाता-पिता येईल असं केलं. अतोमू वाढला नाही म्हणून विकला गेला आणि विकीला घराने वाढू दिलं, दोन्ही मालिका पाहिलेल्यांना हा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही.

यावरूनच हिंदीत 2003 मध्ये 'करिश्मा का करिश्मा' आली, झनक शुक्ला त्यात रोबो मुलगी होती. आणि 2016 मध्ये 'बहू हमारी रजनी कांत', रिधिमा पंडित रोबो सून. कल्पना मजेशीर आहे आणि लोक हसले, मीही बघितली, पण न थकणारी, सांगेल ते करणारी बाई म्हणून आपल्या मालिकावाल्यांना सून आठवावी हे मला अजून खटकतं, चापेकच्या शब्दातली वेठ तिथे जशीच्या तशी बसलीये.

दूरदर्शनवर 80 च्या दशकात लागायचा तो 'जायंट रोबो' घरात मावणारा नव्हता, मनगटातल्या घड्याळातून मुलगा हुकूम द्यायचा आणि तो ऐकायचा. शेवटच्या भागात मुलगा थांब म्हणतो तरी रोबो शत्रूला धरून आकाशात जातो आणि उल्केवर आदळतो. आयुष्यात एकदाच हुकूम मोडला, तोही सोबत्यासाठी.

आज्ञा मोडायचा हक्क रोबोला आहे का, हा प्रश्न सरळ कोर्टात नेला 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळयानावर घडणाऱ्या मालिकेने, 1989 च्या 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागात. यानावरचा रोबो अधिकारी डेटा, त्याला एक शास्त्रज्ञ उघडून बघू म्हणतो, डेटा नाही म्हणतो, तर तो नाही म्हणूच शकत नाही कारण तो मालमत्ता आहे, असा दावा. यानाचा कॅप्टन पिकार्ड डेटाची बाजू मांडतो आणि निकाल लागतो की निवड डेटाची. या डेटाला यानावर स्वतःची खोली आहे, तिथे कपाटात उभं राहायची गरज नाही. पुढे तो त्या खोलीत स्पॉट नावाचं एक मांजर पाळतो आणि त्याच्यावर कविता करतो.