देवळातलं काम: मान की नोकरी?

आमच्या गावच्या (मालवण तालुका) देवस्थानच्या ऑफिसबाहेर मध्यंतरी एक कागद चिकटवलेला होता. ‘कारकून पाहिजे, टॅली येणं आवश्यक.’ (टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर.) आणि त्याच्याखाली नंतर कोणीतरी निळ्या पेनानं वाढवलेलं, ‘उमेदवार हिंदू असावा.’ झालं, पारावर संध्याकाळपर्यंत तोच विषय. एक आजोबा म्हणाले, “देवाचो हिशोब देवाक मानणाऱ्यानच लिवचो ना!” तर कॉलेजातला एक पोरगा लगेच, “कॅल्क्युलेटराक खयचो धर्म, आजा?” दोघांनाही कायदा आपल्याच बाजूला आहे असं वाटत होतं, म्हणून म्हटलं हे प्रकरण मुळात कुठून आलं ते जरा लिहून काढूया.

पहिली गोष्ट म्हणजे कोकणातल्या देवळात नोकरी हा प्रकारच नवीन. गुरव पूजा करणार, गाऱ्हाणं घालायचा मान ज्याचा तोच घालणार, पालखीला खांदा कोणाचा, ढोल कोणी वाजवायचा, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, पगार नाही, देवाच्या इनाम जमिनीतला वाटा, शिधा, नारळाचं भकल. नेमणूक अशी कोणी कोणाची करतच नव्हतं, त्यामुळे ‘मला का नाही घेतलं’ हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. आणि ह्याची काळी बाजू पण होती, भाविणींचं (देवाला वाहिलेल्या बायकांचं) बघा ना, जन्मानं आलेलं ‘काम’ कधीकधी शिक्षाच असायची. मुलगी देवाला वाहणं मुंबई इलाख्यात १९३४च्या कायद्यानं बेकायदेशीर झालं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९३१ला, रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी पैसा घातला, सावरकरांनी पुढाकार घेतला आणि सगळ्या जातींना खुलं असं पतितपावन मंदिर उभं राहिलं. आत कोण येणार हा प्रश्न तिथे सुटला. आत काम कोण करणार हा मात्र पुढे कोर्टात गेला.

राज्यघटना आली तेव्हा कलम १६ नं सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग वगैरेवरून भेदभाव नको असं सांगितलं, पण त्याच कलमात पाचवा खंड टाकून ठेवला की धर्मसंस्थेच्या कारभाराशी संबंधित पद त्याच धर्माच्या किंवा पंथाच्या माणसाकडे असावं असा कायदा असेल तर तो चालेल. हा खंड फारसा कोणाला माहीत नसतो. कलम २६ नं पंथांना आपल्या धार्मिक बाबी आपण सांभाळायचा हक्क दिला. मग धार्मिक बाब कुठली आणि साधा व्यवहार कुठला? ह्यावर १९५४मध्ये सुप्रीम कोर्टाचे दोन मोठे निकाल आले, एक आपल्याच किनाऱ्यावर खाली उडुपीचा शिरूर मठ, दुसरा मुंबईच्या १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यावरचा रतिलाल गांधी खटला. थोडक्यात, पूजा कशी करायची ते पंथ ठरवेल, पण मालमत्तेच्या कारभारावर कायद्यानं लगाम घालता येईल.

खरी गंमत १९७२ला झाली. तमिळनाडूनं त्याआधी पुजाऱ्यांचा वंशपरंपरागत हक्क काढून टाकला होता, पुजारी कोर्टात गेले (शेषम्माल खटला), आणि कोर्ट म्हणालं की पूजा धार्मिक असली तरी पुजारी *नेमणं* हे धार्मिक काम नाही, फक्त आगमांचे (पूजाविधी सांगणाऱ्या ग्रंथांचे) नियम पाळा. मला विचाराल तर ह्या एका वाक्यानं ‘मान’ची ‘नोकरी’ झाली. २००२मध्ये केरळच्या आदित्यन खटल्यात ब्राह्मणेतर पुजाऱ्याची नेमणूक टिकली, अट एवढीच की त्याला पूजाविधी येत असावा. आपल्याकडे असे हक्क काढून घेणारा पंढरपूरचा कायदा १९७३चा, पण तिथल्या पिढीजात पुजाऱ्यांचा, म्हणजे बडवे-उत्पातांचा, हक्क सुप्रीम कोर्टात शेवटी संपला तो जानेवारी २०१४मध्ये. मग मंदिर समितीनं चक्क जाहिरात काढली, सगळ्या जातींच्या आणि बायकांच्या पण मुलाखती घेतल्या. कोल्हापूरच्या अंबाबाईसाठी पगारी पुजाऱ्यांचा कायदा २०१८चा.

शाळांचं वेगळं. किनाऱ्यावर खेड, दापोली, मुरुडकडे उर्दू हायस्कुलं आहेत, ठिकठिकाणी मिशनच्या शाळा आहेत, त्यांना कलम ३०चं (अल्पसंख्याकांनी आपल्या शाळा आपण चालवायच्या ह्या हक्काचं) संरक्षण. महाराष्ट्राच्या खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७च्या कायद्यात अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन जण यांच्या भरतीत सूट आहे, बाकीच्यांना नियम लागू. म्हणजे शाळा कोणाचीही असो, गणिताच्या सरांना कायदा आहेच. २०२०मध्ये तर सुप्रीम कोर्टानं पश्चिम बंगालात अनुदानित मदरशांचे शिक्षक सरकारी आयोगानं निवडायलाही मान्यता दिली.

अमेरिकेत हे उलट बाजूनं चालतं. तिथे १९६४च्या कायद्यानं खाजगी मालकालाही धर्मावरून भेदभाव करता येत नाही, फक्त धर्मसंस्थांना सूट, आणि १९८७ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं चर्चच्या जिममधल्या साध्या कामगाराला धर्मावरून काढलं तेही चालवून घेतलं. आपल्याकडे सूट मागायचीच गरज पडत नाही, कारण खाजगी मालकानं धर्म बघून नोकरी देऊ नये असा सरसकट केंद्रीय कायदाच नाही! अस्पृश्यता मानून काम नाकारलं तर १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा आडवा येतो, तेवढंच. जून २०२५मध्ये शनिशिंगणापूरला १६७ जणांना काढलं, त्यात ११४ मुसलमान, देवस्थाननं कारण दिलं शिस्तीचं आणि गैरहजेरीचं, आणि अख्खा महाराष्ट्र त्यावर भांडला.

आता आमचा कागद. देवस्थान गावकऱ्यांच्या खाजगी ट्रस्टचं असेल तर कलम १६ त्याला लागतच नाही, म्हणजे आजोबा जिंकले. पण सिंधुदुर्गातली बरीच देवळं कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे आहेत, ती सरकारनं नेमलेली, तिथे निळ्या पेनानं लिहून भागणार नाही, कायद्याचा आधार दाखवावा लागेल, आणि टॅलीवाल्या कारकुनाला ‘धार्मिक कारभारातलं पद’ म्हणायचं का ह्यावर पोरगा भांडू शकतो. गुरवानं मात्र दोघांनाही गप्प केलं. म्हणाला, जागा कधीच भरली, अध्यक्षांचो भाचो लागलो, नि टॅली तो आता शिकतासा.