जुने ब्रेक पॅड भंगारात टाकण्याआधी

नवे पॅड बसवून झाले की गॅरेजवाला जुने भंगाराच्या डब्यात भिरकावतो. त्याला थांबवा. पुढच्या दोन चाकांतले चारही पॅड फरशीवर ओळीने मांडा. बिघाड कुठे आहे ते त्यांच्या जाडीवरून बरंचसं कळतं. नवे पॅड घातल्याने तो बिघाड गेलेला नसतो.

चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या कॅलिपरला एकच पिस्टन असतो, तोही आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो. त्याच्या उलट रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कला भिडतो. पिना गंजून जाम झाल्या की हे सरकणं थांबतं. मग आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजतो आणि बाहेरचा जवळजवळ नव्यासारखा राहतो. एकच पिन अडकली तर पॅड पाचरीसारखा तिरपा झिजतो. पिनांवरचं रबरी बूट फाटलं की चिखलपाणी आत शिरतं आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत गंज आणखी लवकर धरतो. इथे साधं ग्रीस फासण्याची सवय मात्र घातक. खनिज तेलाने हे रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसच हवं.

एका चाकाचे दोन्ही पॅड झिजलेले आणि दुसऱ्याचे जाड, असं असेल तर झिजलेल्या बाजूचा ब्रेक बहुधा सुटत नाही. पाय उचलल्यावर पिस्टनला मागे ओढायला तिथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं रबरी सील दाबाने किंचित मुरडतं आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. एवढ्यावरच सगळं चालतं! पिस्टन गंजला की हे केसभरही होत नाही. सपाट रस्त्यावर, ब्रेक शक्यतो न लावता काही किलोमीटर चालवून थांबा आणि चाकांजवळ हात नेऊन पाहा (डिस्कला लावू नका, भाजेल). तुलना डाव्या-उजव्याची करायची. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, कारण थांबवण्याचं बरंचसं काम तीच करतात.

ब्रेक न सुटलेलं चाक जॅकवर उचलून ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा, ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) जरा सैल केला आणि चाक मोकळं झालं, तर दोष कॅलिपरचा नाही. दाब मागे कुठेतरी अडकलाय, बहुधा आतून फुगलेल्या होजमध्ये, म्हणजे कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणाऱ्या रबरी नळीत. निपल उघडूनही चाक धरलेलंच असेल, तर कॅलिपर खोलावा लागेल.

चारही पॅड सारखेच झिजलेत, पण डिस्कवर फार तापल्याची निळसर छटा आहे? मग चालवणाऱ्याकडे पाहावं लागतं. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना गाडी सुमारे ५५० मीटर खाली येते. माणसांसह १४०० किलोच्या गाडीची यात जवळपास ७५ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ताशी १०० किलोमीटर वेगातली तीच गाडी पूर्ण थांबवण्याच्या ही १४ पट. २० लिटर पाणी उकळीला आणूनही ती उरेल. थोडी हवा आणि टायर खातात. बाकीची इंजिनाने घ्यायची की ब्रेकने, हे गिअर ठरवतो. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याने ती सगळी ब्रेकच्या गळ्यात घातलेली असते.

घाटात ब्रेक लागेनासे झाले तर पेडल कसं लागलं ते आठवा. पेडल घट्ट आणि तरी गाडी थांबत नसेल, तर पॅड तापून त्यांची पकड गेली. पेडल मऊ लागून खाली गेलं, तर ब्रेक ऑइल उकळलं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही; ओल शोषलेल्यासाठी तीच मर्यादा १४० अंश आहे. उकळल्यावर वाफ होते, आणि दाब चाकापर्यंत पोचण्याऐवजी ती वाफ दाबण्यातच पेडल खर्ची पडतं. गाडी निवली की वाफ विरते, पेडल पूर्ववत लागतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात उत्तर मिळतं, ‘ब्रेक तर ओके आहेत.’ तेव्हा ऑइल शेवटचं कधी बदललं, तेवढं विचारा.