राब भाजायचा तर विचारायचं कुणाला?

एप्रिल-मे महिन्यात पौडच्या पुढे मुळशीकडे किंवा कामशेतहून पवन मावळात गेलात, की भातखाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसू लागतात. काही खाटेएवढे, काही अंगणाएवढे. ही दाढ, म्हणजे भाताची रोपं करायची जागा. पावसाच्या तोंडावर ती भाजून ठेवायची, यालाच राब भाजणं म्हणतात. मग बी पेरायचं आणि वीत-दीड वीत वाढलेला तरवा, म्हणजे रोपं, उपटून खाचरात लावायचा. शेजारी फार्महाऊस बांधलेल्या पुणेकराला मात्र धूर दिसला की धास्ती वाटते, आणि तो हमखास विचारतो, "याला परवानगी लागत नाही का?" गंमत म्हणजे आपल्या प्लॉटवरचं वाळलं गवत पेटवायची वेळ आली, की तोच प्रश्न तो दबक्या आवाजात स्वतःसाठी विचारतो.

राब भाजणं म्हणजे ढीग करून काडी लावणं नव्हे. खाली वाळलेल्या शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळीच्या झाडांची तोडून वाळवलेली कवळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या, वर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती भुरभुरवायची. मातीमुळे जाळ भडकत नाही, धुमसत राहतो. वारा ज्या बाजूला वाहतो त्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर रांगत सरकते. मुळशीतल्या एका वाडीत मी एका आजीला चिमूटभर राख हातातून सोडून वारा बघताना पाहिलं आहे. राख सरळ खाली पडेना, तर तिने काडीपेटी पुन्हा कनवटीला लावली आणि म्हणाली, "आज न्हाई. सांजच्याला बघू." शेजारच्या खाचरवाल्याला हाक मारून तेही कळवलं. गावाची परवानगी ती एवढीच: वाऱ्याची आणि शेजाऱ्याची.

सरकार या व्यवहारात शिरलं ते जंगलाच्या दाराने. दापोडीला तेव्हा सरकारी वनस्पती-उद्यान होतं. त्याचा अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगर जाळून केलेली फिरती शेती त्याला खुपत असे. त्याच्यानंतर वनखात्याचं बळ वाढलं आणि १८७८ च्या वन कायद्याने 'राखीव' आणि 'संरक्षित' जंगलांच्या रेघा नकाशावर पक्क्या झाल्या. कालपर्यंत ज्या डोंगरावरून कवळं तोडून आणायची, तो आता सरकारचा झाला. आणि राबाचं सगळं गणित त्याच कवळांवर उभं! स्वतःची वरकस, म्हणजे उताराची हलकी, जमीन पुरत नसे, डोंगरावाचून भागत नसे.

ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत ही कुरबूर इतकी वाढली की १८८५ मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. झाडांच्या फांद्या राबासाठी तोडू द्यायच्या की नाही, हा त्या चौकशीतला मोठा वाद होता. वनखात्याच्या मते राब म्हणजे जंगलाची नासाडी, रयतेच्या मते राबाशिवाय भात नाही. खरं कोण बोलत होतं, याचा शास्त्रीय छडा लावायचा प्रयत्न पुढे पुण्यातच झाला. शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी १९१२ मध्ये राबावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. राखेचं खत आणि जमीन तापणं, यांत रोपाला नेमकं काय लागू पडतं, ते त्यांनी तपासलं. अडाणी रूढी म्हणून झटकलेल्या गोष्टीला कॉलेजने प्रयोगाचा मान दिला, हे मला त्या काळात विशेष वाटतं.

आजचा कायदा मात्र १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातून येतो. त्याचं कलम २६ नीट वाचलं तर फार्महाऊसवाल्याचं उत्तर मिळतं. राखीव जंगलाला आग लावणं तर गुन्हा आहेच. पण सरकारी नियम मोडून, जंगलाला धोका होईल अशा तऱ्हेने आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं, हेही त्यात येतं. काही प्रांतांच्या वननियमांत तर पद्धतच लिहून दिलेली होती: जंगलाच्या बाजूने पट्टा साफ करा, वनाधिकाऱ्याला आधी कळवा, जोराचा वारा नसलेला दिवस निवडा. आजीने राख सोडून जे पाहिलं, तेच कायद्याच्या भाषेत. याच कलमात एक कडक तरतूद आहे. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ थांबवू शकतं. म्हणजे काडी एकाने ओढायची आणि गुरं सगळ्या गावाची उपाशी! कलम ७९ प्रमाणे, जंगलात हक्क असणाऱ्यांना आग विझवायला मदत करणंही बंधनकारक आहे.

जंगल लांब असलं म्हणून सुटका नाही. आगीबाबतच्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिने कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. पूर्वी हेच दंडविधानाचं कलम २८५ होतं. कचऱ्याचं प्रकरण वेगळं. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या प्रकरणात पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. प्लॉटवरच्या गवताबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या पेटवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

नंतर आकाशातूनही पहारा बसला. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीच्या सूचना पाठवतं. जंगलाच्या कडेला धग उठली तर ती वनखात्याच्या मोबाइलवर पोचू शकते, आणि त्या भागाच्या वनरक्षकाला दुपारच्या उन्हात चढण चढावी लागते. वर गेल्यावर ती धग म्हणजे एखाद्याचा राब निघाला, की वनरक्षक काय बोलत असेल, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दरम्यान राबाचं कारणच कमी करणारी माणसं निघाली. डॉ. नारायण सावंतांच्या 'चारसूत्री' भात-पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख गादीवाफ्यात, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यात, मिसळतात, त्यासाठी डोंगर सोलावा लागत नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्रात गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. लावणीच नाही, मग दाढ कशाला? पूर्वेकडे, बारामती-इंदापूरच्या उसात पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचं, तेच झालंय. पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून ठेवा, असं सांगून कृषी खातं थकलं, तरी तोडीनंतर काडी लावणारे आहेतच.

परवाना खिशात घेऊन राब भाजायला निघालेला शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. चालतो तो फोन. पोलीस पाटलाला सांगायचं, वनरक्षकाचा नंबर असला तर त्याला कळवायचं, पाण्याचे दोन हंडे आणि निरगुडीच्या ओल्या डहाळ्या जवळ ठेवायच्या. परवा आजीच्या नातवाने असाच फोन लावला. पलीकडून वनरक्षकाने विचारलं, "वारा कुठला हाय?" नातू आजीकडे बघायला लागला.