ऑटोफ्लुओरेसन्स ब्राँकोस्कोपी

श्वासनलिकांच्या अस्तरावर निळा प्रकाश टाकून कर्करोगाची आणि कर्करोगपूर्व बदलांची जागा हेरण्याची दुर्बीण तपासणी. रुग्णाला कोणताही रंग किंवा औषध द्यावे लागत नाही. अस्तराखालचे इलॅस्टिन व कोलॅजेन हे तंतू सुमारे ४४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात स्वतःच हिरवे चमकतात. या गुणाला अनुस्फुरण म्हणतात. वरचा पेशीथर जाड झाला किंवा तिथले रक्त वाढले, की ही चमक मंदावते आणि ती जागा, यंत्रानुसार, तांबूस-तपकिरी वा जांभळट दिसते.

गुस्टाव्ह किलियन यांनी १८९७ मध्ये फ्रायबुर्ग येथे ताठ नळीतून श्वासनलिकेत अडकलेले हाड काढले, तेव्हापासून डॉक्टर या नलिकांत डोकावत आहेत. १९६० च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदा यांनी लवचिक दुर्बीण आणली. पण काही पेशींच्या थरांएवढाच जाड असलेला, जागच्या जागी असलेला, म्हणजे अस्तराखाली न पसरलेला, कर्करोग पांढऱ्या उजेडात अनुभवी नजरेलाही सहज चुकवतो. व्हँकूव्हरमध्ये स्टीफन लॅम, ब्रँको पाल्चिक व सहकाऱ्यांनी हेलियम-कॅडमियम लेझरवर आधारित ‘लाइफ’ यंत्र विकसित केले. १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. लॅम यांच्या १९९८ च्या बहुकेंद्री चाचणीत, पांढऱ्या उजेडाला या तपासणीची जोड दिल्यावर अस्तरापुरते मर्यादित असलेले गंभीर बदल सुमारे सहापट अधिक सापडले. पुढच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हा फायदा दुपटीच्या आसपास उतरला, आणि तोच आकडा अधिक विश्वासार्ह मानावा.

मोठी उणीव खोट्या इशाऱ्यांची. दाह, जुना व्रण, आधीच्या बायोप्सीची जागा, इतकेच काय, तपासणीत स्राव ओढून घेणारी नळी घासून झालेली इजाही अशीच काळवंडलेली दिसते. म्हणून ही तपासणी निदान करत नाही. बायोप्सी (तपासणीसाठी काढलेला तुकडा) कुठून घ्यावी एवढे दाखवते, आणि निर्णय त्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीवरच होतो. ४१५ व ५४० नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यांतला प्रकाश वापरणारी नॅरो बँड इमेजिंग पद्धत सूक्ष्म रक्तवाहिन्यांची नक्षी उठावदार करते आणि असे खोटे इशारे कमी करते.

दुर्बीण पोहोचते तेवढ्याच नलिका दिसतात. फुप्फुसाच्या कडेला वाढणारा, आता अधिक आढळणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग) तिच्या टप्प्याबाहेर राहतो. तिथे कमी मात्रेचा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. उलट मुख्य नलिकांतला सपाट स्क्वॅमस (चपट्या पेशींचा) कर्करोग सीटीत सहसा दिसत नाही. तो वेळीच सापडला, तर निवडक रुग्णांत प्रकाशगतिकी उपचाराने (प्रकाशाने सक्रिय होणाऱ्या औषधाने), विद्युतदहनाने किंवा गोठवून, दुर्बिणीतूनच नष्ट करता येतो.